मनातला कारभारी आणि प्रगतिपुस्तकातले गुण

मागच्या व्याख्यानात आपण बिनेपासून सुरुवात करून बुद्ध्यंकाची गोष्ट ऐकली. आजचा विषय त्याच रस्त्यावरचं पुढचं गाव आहे. प्राथमिक शाळेच्या पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हुशार आहे हो, पण लक्ष नाही." या वाक्यात दोन गोष्टी वेगळ्या केलेल्या आहेत. बुद्धी एक, आणि ती बुद्धी कामाला लावणारं काहीतरी दुसरं. हे दुसरं जे काही आहे, त्याला गेल्या पन्नास वर्षांत मानसशास्त्राने एक भारदस्त नाव दिलं: एक्झिक्युटिव्ह फंक्शन. पुस्तकी मराठीत 'कार्यकारी कार्ये' म्हणतात, पण ते ऐकून जिल्हा परिषदेच्या बैठकीची आठवण होते. आपण आज त्याला मनातला कारभारी म्हणू. धनी वेगळा असतो, दौलत वेगळी असते. कारभारी फक्त बघतो की कोणतं काम आधी, कोणतं नंतर, आणि कोणतं आत्ता मुळीच नाही.

हा कारभारी करतो काय? आपण तिसरीच्या गणिताच्या वहीत डोकावू. ४७ अधिक ३८. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच लिहिले, हातचा एक. आता चार आणि तीन सात हे करत असताना तो हातचा कुठेतरी धरून ठेवायचा आहे. कागदावर नाही, डोक्यात. ज्याचा हातचा सुटतो त्याचं उत्तर ७५ येतं. त्याला बेरीज येत नाही असं नाही, धरून ठेवणं जमलं नाही. याला कार्यस्मृती म्हणतात. दुसरं उदाहरण. रमाकडे १२ गोट्या आहेत, त्या सलमापेक्षा ५ जास्त आहेत, तर सलमाकडे किती? 'जास्त' हा शब्द दिसला की हात आपोआप बेरजेकडे जातो, आणि त्या हाताला थांबवायचं असतं. हा झाला आवर. आणि तिसरं, एकाच पानावर एक बेरीज, एक वजाबाकी, पुन्हा बेरीज अशी सरमिसळ असली की दर वेळी रूळ बदलावा लागतो. काही मुलं चिन्ह न बघता सगळ्याच बेरजा करून मोकळी होतात. आवर, कार्यस्मृती आणि रूळ बदलणं, अशी ही तीन अंगं. अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांनी २००० साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर चाचण्या घेऊन दाखवलं की ती एकमेकांशी जोडलेली आहेत, तरी एकच नाहीत.

आपल्या आज्यांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? चिमणी उडाली भुर्र, कावळा उडाला भुर्र, म्हैस उडाली... आणि कुणाचा तरी हात वर जातोच! हा खेळ म्हणजे आवर मोजण्याची चाचणीच आहे. आज प्रयोगशाळेत सूर्याचं चित्र दाखवून मुलाला 'रात्र' म्हणायला लावतात आणि चंद्र दाखवून 'दिवस'. जात तीच.

आता इतिहासाकडे. या कल्पनेचा जन्म शाळेत झाला नाही, इस्पितळात झाला. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया हा सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ उरलच्या भागातल्या एका इस्पितळात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर काम करत होता. कपाळामागचा भाग जखमी झालेले काही रुग्ण सांगितलेली सूचना जशीच्या तशी म्हणून दाखवत, पण करत मात्र नसत. भाषा शाबूत, स्मृती बरीचशी शाबूत, आणि तरी कृतीची लगाम सुटलेली. लुरियाने लहान मुलांमध्येही असंच काही पाहिलं होतं. मुलाच्या हातात रबराचा फुगा द्यायचा आणि दिवा लागला की दाबायचा असं सांगायचं. तीन-साडेतीन वर्षांचं मूल "दाबू नको" असं स्वतःच्या तोंडाने म्हणतं आणि म्हणता म्हणता दाबतं! पुढे मोठं होताना मात्र त्याचे शब्द त्याच्या हातावर अंमल करू लागतात. लुरियाचा मित्र आणि गुरू लेव्ह विगोत्स्की १९३४ साली वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी क्षयाने गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मुलाला आधी दुसरा कुणीतरी आवरतो, मग मूल स्वतःशी मोठ्याने बोलून स्वतःला आवरतं, आणि शेवटी ते बोलणं आत जातं. म्हणजे कारभारी बाहेरून आत येतो. हे वाक्य आपण खिशात ठेवू, त्याची गरज पडणार आहे.

पश्चिमेत 'एक्झिक्युटिव्ह' हा शब्द आला तो संगणकाच्या जमान्यात. १९७४ साली ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी कार्यस्मृतीचा आराखडा मांडला आणि त्याच्या मध्यभागी 'सेंट्रल एक्झिक्युटिव्ह' नावाचा एक अधिकारी बसवला. इथे एक बारीक गोष्ट घडली. लुरियाच्या गोष्टीत माणसं होती, भाषा होती, आई होती, शिक्षक होते. नव्या आराखड्यात चौकट होती आणि बाण होते. कारभारी मुलाच्या डोक्यात कायमचा राहायला गेला, आणि मग तो कुणाकडे जास्त आणि कुणाकडे कमी हे मोजणं ओघाने आलंच.

मोजण्याच्या या इतिहासातला सगळ्यात गाजलेला प्रसंग तुम्हाला माहीत असणार. मिठाईचा. वॉल्टर मिशेल हा व्हिएन्नात १९३० साली जन्मलेला ज्यू मुलगा, नाझींमुळे घर सोडून अमेरिकेत आलेला. त्याची सुरुवात आपण नेहमी स्टॅनफर्डपासून सांगतो, पण ती खरी त्रिनिदाद बेटावरची आहे आणि ती आपल्याला जास्त जवळची आहे. कारण त्या बेटावर एकीकडे आफ्रिकी वंशाचे लोक होते आणि दुसरीकडे गिरमिटियांचे, म्हणजे उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे, वंशज. मिशेल १९५०च्या दशकात तिथे गेला तेव्हा दोन्ही समाज एकमेकांबद्दल काय बोलत ते त्याने ऐकलं. भारतीय म्हणत, ते लोक आजचा दिवस उडवतात, उद्याची फिकीर नाही. आफ्रिकी म्हणत, हे लोक पैसा गादीखाली ठेवतात आणि जगायचंच विसरतात. मिशेलने शाळकरी मुलांना विचारलं: छोटी गोळी आत्ता, की मोठी आठवड्याने? भारतीय वंशाची मुलं थांबायला जास्त तयार निघाली. इथे थांबला असता तर वंशाचा एक शिक्का पक्का झाला असता. पण त्याने आणखी एक गोष्ट पाहिली, ती म्हणजे घरात वडील आहेत की नाहीत. वडील घरात नसलेली मुलं आत्ताची गोळी जास्त घेत होती, आणि वंशातला बराचसा फरक तिथे विरघळत होता. १९५८ साली हे छापलं गेलं. पुढे मिशेलनेच लिहिलं की यात विश्वासाचा प्रश्न आहे. एक परका गोरा माणूस येतो, "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणतो. तो येईल हे कशावरून? ज्याच्या आयुष्यात शब्द देणारे पुरुष परत आलेले नाहीत, त्याने हातातली गोळी घेतली तर त्यात उतावीळपणा किती आणि व्यवहार किती?

हा प्रश्न पुढे जवळजवळ पन्नास वर्षं बाजूला पडला. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली विसर ती हीच.

१९६०च्या दशकाअखेरीस मिशेल स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग बालवाडीत प्रयोग करू लागला. चार वर्षांच्या आसपासची मुलं. समोर एक मार्शमॅलो, बिस्किट किंवा खारी प्रेट्झेल. थांबलास तर दोन मिळतील. त्या वेळी मिशेलला कोण थांबतं यापेक्षा कसं थांबतं यात रस होता, आणि त्याला सापडलेलं उत्तर फार सुंदर आहे. जी मुलं डोळे मिटत, गाणं म्हणत, खुर्चीत पाय हलवत, त्यांना थांबणं जमत असे. खाऊ झाकून ठेवला तर बहुतेकांना जमे. "हा मार्शमॅलो नाही, ढग आहे असं समज," एवढं सांगितलं तरी वेळ वाढे. म्हणजे थांबणं हे बरंचसं युक्तीचं काम आहे, आणि युक्ती शिकवता येते.

मग आला १९९०चा शोधनिबंध. युइची शोडा, मिशेल आणि फिलिप पीक यांनी त्या मुलांच्या पालकांशी पुन्हा संपर्क साधला. मूळ मुलं ६५३, उत्तरं आली १८५ जणांची, महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेचे गुण मिळाले ९४ जणांचे. त्यातही, खाऊ समोर उघडा ठेवलेला आणि कोणतीही युक्ती न सांगितलेली अशी मुलं होती फक्त ३५. त्या ३५ मुलांमध्ये थांबण्याची मिनिटं आणि गणिताचे गुण यांचा सहसंबंध ०.५७ आला. लेखकांनी सावधगिरीचे इशारे दिले होते. पण १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या पुस्तकाने ही गोष्ट घरोघरी नेली, आणि इशारे छापखान्यातच राहिले. चार वर्षांच्या पोराचा एक खाऊ त्याचं भविष्य सांगतो! ज्योतिषालाही एवढा दावा करायला जन्मवेळ लागते.

असं असलं तरी, कारभारी आणि शाळेतलं यश यांचं नातं खोटं आहे असा निष्कर्ष कुणी काढू नये. २००७ साली क्लॅन्सी ब्लेअर आणि रेचेल राझा यांनी गरीब घरांतल्या १४१ बालवाडीच्या मुलांवर दाखवलं की आवर घालण्याची क्षमता सुरुवातीच्या गणिताशी जोडलेली आहे, बुद्ध्यंकाचा हिशोब वेगळा काढला तरी. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. त्यात पहिल्या दहा वर्षांतला आत्मसंयम आणि ३२व्या वर्षीचं आरोग्य व आर्थिक स्थिती यांचं नातं दिसलं, आणि घरची परिस्थिती लक्षात घेऊनही ते टिकलं. तिथे संयम एका मिठाईवरून ठरवला नव्हता. पालक, शिक्षक आणि निरीक्षक यांची अनेक वर्षांची मतं घेतली होती. हा फरक मोठा आहे. रॉबिन जेकब आणि ज्युलिया पार्किन्सन यांनी २०१५ साली ६७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सहसंबंध ०.३ च्या आसपास निघाला. याचा साधा अर्थ, मुलामुलांच्या गुणांतल्या फरकापैकी साधारण नऊ टक्के या क्षमतेशी जोडता येतात. दुर्लक्ष करण्याजोगे नव्हेत, आणि नशीब ठरवणारेही नव्हेत.

पण त्याच दोघांनी दुसरा प्रश्न विचारला. कारभारी सुधारला म्हणून गुण वाढले, असं कुणी दाखवलंय का? त्यांचं उत्तर होतं, खात्रीलायक पुरावा नाही.

हे उत्तर अनेकांना लागलं, कारण तोवर बाजार उभा राहिला होता. संगणकावर कार्यस्मृतीचे खेळ खेळायचे, पाच-सहा आठवडे, की मूल अभ्यासात पुढे. खेळून मुलं त्या खेळात पटाईत होतात हे खरं. पण मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ साली अशा अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वाचनात किंवा गणितात त्याचा फायदा उतरताना दिसला नाही. आकडे उलटे म्हणण्याचा सराव केला की आकडे उलटे म्हणता येतात. त्याने हातचा राहतोच असं नाही.

असं का व्हावं? आमच्या मते एक उत्तर आपल्या पाढ्यांमध्ये आहे. ज्या मुलीला सात आठे छप्पन्न झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, तिला गुणाकार करताना कारभाऱ्याला हाक मारावीच लागत नाही. तो मोकळा असतो, गणित काय म्हणतंय हे बघायला. ज्याला पाढा येत नाही, त्याचा कारभारी सात-सात मिळवत बसतो आणि तोवर प्रश्न विसरतो. बाहेरून दोघांकडे पाहिलं तर आपण म्हणू, हिचं लक्ष आहे आणि याचं नाही. खरा फरक आधी शिकण्यात आहे, लक्षात तो नुसता दिसतो. बाण दोन्हीकडे जातो. ग्रेग डंकन यांच्या गटाने २००७ साली सहा दीर्घकालीन अभ्यासांची आकडेवारी तपासली, त्यात पुढच्या यशाचं सर्वांत मोठं सूचक निघालं शाळेत येतानाचं गणित. त्यामागे वाचन आणि लक्ष. वर्गातला दंगा? त्याचा संबंध जवळपास नाही. मागच्या बाकावरच्या वात्रट पोरांना याची बातमी द्यायला हरकत नाही.

इथे एक चिठ्ठी आली आहे: "मग शाळेने काहीच करू नये का?" करावं, आणि करून पाहिलंय. विगोत्स्कीच्या विचारावर एलेना बोद्रोवा आणि डेबोरा लिऑंग यांनी 'टूल्स ऑफ द माइंड' नावाचा बालवाडीचा अभ्यासक्रम बसवला. त्यात मुलं खेळ सुरू करायच्या आधी तो कसा खेळायचा ते ठरवतात, जोडीने वाचताना एकाकडे कानाचं चित्र असतं, की तुझी पाळी ऐकण्याची. २००७ साली ॲडेल डायमंड यांनी 'सायन्स' नियतकालिकात त्याचे चांगले परिणाम छापले आणि जगभर उत्साह पसरला. नंतर टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात मोठ्या प्रमाणावर तपासलं, तर फायदा दिसला नाही. पुन्हा २०१४ साली ब्लेअर आणि सिबेल रेव्हर यांनी २९ शाळांमध्ये पाहिलं, तर दिसला, आणि गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये जास्त दिसला. म्हणजे पुस्तिका एकच, पण ती कुठल्या वर्गात, कोणत्या बाईंच्या हातात पडली यावर बरंच अवलंबून. औषधाच्या गोळीसारखं हे वाटता येत नाही.

आणि मिठाईचं काय झालं? २०१३ साली सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ मुलांवर एक छोटा, पण डोळे उघडणारा प्रयोग छापला. आधी मोठ्या माणसाने मुलांना चांगले रंग आणून देण्याचं कबूल केलं. निम्म्यांना दिले, निम्म्यांना "नाहीत, सॉरी" सांगितलं. मग मार्शमॅलो. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली तीन. त्रिनिदादचा प्रश्न परत आला होता. २०१८ साली टायलर वॉट्स, डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेवर मुलांची आकडेवारी घेतली. थांबणं आणि पंधराव्या वर्षीचे गुण यांचं नातं मूळच्या निम्मं निघालं, आणि घरची परिस्थिती व सुरुवातीची बौद्धिक क्षमता हिशोबात घेतल्यावर उरलेल्याचाही दोन तृतीयांश भाग गेला. त्याच वर्षी बेटिना लाम आणि सहकाऱ्यांनी कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी समाजाची मुलं आणि जर्मन मध्यमवर्गीय मुलं यांची तुलना छापली. न्सो मुलांपैकी जवळपास ७० टक्के थांबली, जर्मन मुलांपैकी २८ टक्के. काही न्सो मुलं तर वाट बघता बघता झोपी गेली! २०२२ साली जपानी मुलं खाऊसाठी थांबताना दिसली, कारण सगळ्यांना वाढून होईपर्यंत तिथे जेवत नाहीत. अमेरिकी मुलं बांधलेल्या भेटवस्तूसाठी थांबली, कारण ती ठरलेल्या दिवशीच उघडायची असते. आपल्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय मोदकाला हात लावू न देणाऱ्या घरातलं मूल त्या खोलीत बसवलं असतं, तर त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल काय काय भाकितं केली गेली असती!

आपल्या भागातला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं, तेव्हा तीन वर्षांच्या एका मुलीने लाकडी दट्ट्यांचा एक खेळ चाळीसहून अधिक वेळा केला. खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवली तरी ती थांबली नाही. ज्यांच्याबद्दल 'या मुलांना लक्ष कुठलं' म्हटलं जाई, त्यातलीच ती. या विचारावर गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला काम केलं. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं, पण १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडला, अनुताई वाघांबरोबर. तिथे महागडी साधनं नव्हती. शंखशिंपले, बिया, खडे, पानं यांचीच साधनं झाली. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. आता विचार करा, दहा-बारा गुरं दिवसभर राखणारं मूल काय करत असतं? कोणती गाय कुठे हे डोक्यात धरणं, खेळ अर्धा टाकून पिकाकडे वळलेल्या वासराला आवरणं, पाऊस आला की बेत बदलणं. तिन्ही अंगं झाली. आणि हेच मूल बाकावर बसवलं की त्याच्या नावापुढे शेरा येतो.

ताराबाईंना एक्झिक्युटिव्ह फंक्शन हा शब्द भेटला नसेल. मूल शाळेला जुळत नसेल तर त्यांनी शाळा हलवून पाहिली, मुलाची क्षमता मोजायला बसल्या नाहीत.

राहता राहिली बिंग बालवाडीतली ती मुलं. ती आता साठीच्या आसपास आहेत. २०२० साली त्यांच्यापैकी ११३ जणांची, चाळिशीच्या मध्यातली आर्थिक स्थिती तपासणारा निबंध आला. हिशोब कसा करायचा हे आकडे बघायच्या आधीच जाहीर करून ठेवलं होतं. चौथ्या वर्षी किती मिनिटं थांबलं यावरून त्यांच्या संपत्तीचा किंवा कर्जाचा अंदाज बांधता आला नाही. सहलेखकांच्या यादीत मिशेल यांचं नाव आहे. ते सप्टेंबर २०१८ मध्ये वारले होते.

पुढच्या वेळी आपण ताराबाईंच्या कोसबाडहून १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेपर्यंत येऊ. अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला तेव्हा त्यातलं काय सोबत आलं आणि काय मागे राहिलं, ते पाहू. आता उरलेल्या चिठ्ठ्या घेऊ या.